कारण निवडा

रस्त्याकडेला केशरी नळी पुरून झाली
चतुर्थीच्या आधीच. आता चरावर गवत आलंय,
आणि कागलचा एक पोरगा टॅबलेट छातीशी धरून
उभादांड्याची दारं वाजवत फिरतोय.
“काचेची तार, मॅडम. थेट तुमच्या भिंतीपर्यंत.
मध्ये तांबं नाही, जोड नाही, गंजायला काही नाहीच.
जेवढं खाली येतं, तेवढंच वर जातं.”
हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं,
रहाटाबद्दल सांगावं तसं.

मला पटतं. मी रात्री साडेआठला बसते
कुठल्याशा थंड देशातल्या इस्पितळांची बिलं तपासायला:
गुडघा, मोतीबिंदू, दुसरं बाळंतपण.
दीडच्या सुमारास वेग मरतो.
एक गुडघा अर्ध्यावर अडकून राहतो.
मी राउटर बंद करते, शंभरपर्यंत मोजते,
चालू करते, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत
थंड झालेली पेज पिते.

आत्ताची लाइन इनासची.
तिठ्यावरच्या पेटीतून निघते, शाळेच्या पत्र्यावरून,
रतांब्याच्या फांदीला तंगुसाने बांधलेली,
मग आरोसकरांच्या दोन माडांना टेकत
आमच्या न्हाणीच्या कौलांखालून आत.
खारं वारं जोडांत बसतं. वानरं झोके घेतात.
इनास शिडी आणतो, वायर दाताने सोलतो,
तोंडात ती असतानाच बोलतो,
कधी पैसे मागतो, कधी विसरतो.

आरोसकरांशी आमचं बोलणं नाही.
व्हाळाचं पाणी कुणाच्या अंगाने वळवायचं
यावरून बंद झालं, त्याला अकरा वर्षं.
तारखा पडतात. आमचा वकील वारला,
आता त्याचा भाचा येतो.
फक्त पाडेली आला की विसूकाका
गडग्याकडे तोंड करून गडग्यालाच सांगतात,
“आज माड पाडतंव. वायर आसा.”
मीही काही म्हणत नाही.
आकडी घेऊन परसात जाते,
वायर उचलून बाजूला धरून ठेवते,
नारळ धपाधप पडत राहतात,
शेवटचा पडला की पलीकडून खाकरणं.
वर्षातून चारदा, फार तर पाचदा.

नवी तार जमिनीखालून येणार.
तिला कुणाचाच माड लागत नाही.

काल दुपारी फॉर्म भरायला घेतला.
नाव, पिनकोड, घराला नंबर नसल्यास खूण
(पिंपळ लिहिला, तो पडून तीन वर्षं झाली).
पहिला महिना फुकट. राउटर फुकट.
मग: जुनं कनेक्शन सोडण्याचं कारण निवडा.
वेग. किंमत. सेवा. घर बदललं. इतर.
‘वेग’वर बोट नेलं. खरंच होतं ते.
‘इतर’ दाबलं तर एक चौकट उघडली,
शंभर अक्षरांत लिहा म्हणून.
मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले,
आणि तेवढ्यात पान गोल गोल फिरायला लागलं.

परसात काहीतरी आपटल्याचा आवाज.
मग विसूकाका. गडग्याशी नाही,
आमच्या खिडकीच्या बरोब्बर समोरून:
“नारळ पडलो गो वायरीर. इनासाक फोन कर.”

गो. अकरा वर्षांनी एक गो.
मी “हां” म्हटलं. ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

संध्याकाळी इनास शिडीवर. खालून मी बॅटरी धरलेली.
मी नव्या लाइनचं काढलं नव्हतं,
त्यानेच काढलं, सोलता सोलता:
“घे गो तां नवीन. माझ्या घराकपण तांच आसा.
चेडवाचे क्लास आसत. हेच्यार काय जाता?”
मला हसू आलं, थोडा रागही.
एवढी वर्षं मी त्याच्याखातर थांबले होते
असं मी लोकांना सांगत आले होते.

तो उतरला, हात पुसले.
“मगे ही वायर काढूची काय ठेवूची?”

पलीकडे पडवीतला दिवा लागला होता.
आरामखुर्ची करकरली, आणि थांबली.
मी म्हटलं, एकदा माड पाडून होवंदेत.
इनास वर बघून म्हणाला,
“आताच तर पाडले.”